उंची म्हणजे नेमकी किती?

दिवाळीच्या आधीचा आठवडा. माळ्यावरची पितळी भांडी खाली काढायची आहेत. कुणीतरी टेबल ओढतं, त्यावर स्टूल ठेवतं आणि "अरे, जरा धर रे" म्हणत वर चढतं. खालचा माणूस एका हातानं स्टूल धरतो आणि दुसऱ्या हातानं डबे झेलतो. हे दृश्य न पाहिलेलं मराठी घर मिळणार नाही. आता सांगा, हे 'उंचीवरचं काम' झालं का?

बहुतेकांचं उत्तर 'छे' असंच येईल. उंचीवरचं काम म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर विसाव्या मजल्याबाहेर झुल्यावर बसलेला रंगारी येतो, नाहीतर परांचीवर विटा चढवणारे गवंडी. ब्रिटनच्या कायद्याचीही पूर्वी साधारण अशीच समजूत होती. तिथल्या बांधकामाच्या जुन्या नियमांत २ मीटरची एक रेघ आखलेली होती आणि कडक बंदोबस्त त्या रेघेच्या वर लागू होई. ६ एप्रिल २००५ रोजी 'वर्क ॲट हाइट रेग्युलेशन्स' हे नवे नियम लागू झाले आणि ती रेघ पुसली गेली. या नियमांच्या व्याख्येत उंचीचा आकडाच नाही. जिथून पडल्यास इजा होऊ शकते, अशी कोणतीही जागा म्हणजे उंची. त्यात स्टूल आलं, ट्रकचा हौदा आला, गोदामातली घोडाशिडी आली. जमिनीवर उभं राहून उघड्या खड्ड्याच्या काठाशी काम करणंही आलं, कारण तिथूनही माणूस पडतोच. कामाच्या जागेतल्या कायमच्या जिन्यावरून केलेली ये-जा तेवढी वगळली आहे.

आकडा न देण्याचा हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो. त्याचं कारण पडण्याच्या गणितात आहे.

अर्ध्या सेकंदाचा हिशोब

१ मीटर उंचीच्या स्टुलावरून पाय निसटला, तर जमिनीला पोहोचायला सुमारे ०.४५ सेकंद लागतो आणि आदळताना वेग असतो ताशी १६ किलोमीटर. २ मीटरवरून पडलं तर वेळ ०.६४ सेकंद आणि वेग ताशी साडेबावीस किलोमीटर. काहीतरी घडतंय हे कळून हात हलायलाच साधारण पाव सेकंद जातो. म्हणजे सावरायला उरतं ते डोळ्याचं पातं लवण्याइतकं. "मी पटकन काहीतरी धरीन" हा भरवसा इथेच संपतो.

शिवाय पाय १ मीटरवर असले, तरी डोकं जमिनीपासून अडीच मीटरवर असतं. माणूस मागे कोसळला तर डोकं ते सगळं अंतर कापून फरशीवर आपटतं. म्हणून २ मीटरच्या रेघेखालचा माणूस सुरक्षित आहे, असं शरीरशास्त्र मानत नाही. रेघेचा आणखी एक तोटा होता. पावणेदोन मीटरवर काम करणाऱ्याला आणि त्याच्या मुकादमाला विचार न करण्याची मुभा त्यातून मिळत होती.

ब्रिटनमध्ये कामाच्या ठिकाणी होणाऱ्या मृत्यूंत उंचीवरून पडणं हे वर्षानुवर्षं सर्वांत मोठं कारण राहिलं आहे. हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्ह, म्हणजे तिथली कामगार-सुरक्षेची सरकारी यंत्रणा, दरवर्षी आकडे जाहीर करते. २०२३-२४ मध्ये ग्रेट ब्रिटनमध्ये १३८ कामगार दगावले, त्यांतले ५० पडून. २०२४-२५ मध्ये १२४ पैकी ३५. एवढे कायदे आणि एवढी प्रशिक्षणं असलेल्या देशात हे होतं, हे लक्षात ठेवून पुढे जाऊ.

गच्चीवरचं मूल

या नियमांचा गाभा समजायला एक घरगुती उदाहरण पुरेसं आहे. चार वर्षांच्या मुलाला गच्चीवर खेळायचं आहे. तुमच्यासमोर चार वाटा आहेत. एक, त्याला गच्चीवर नेऊच नका, अंगणात खेळू द्या. दोन, गच्चीला पक्का कठडा बांधा. तीन, कठडा नसेल तर त्याचा हात घट्ट धरून ठेवा. चार, खाली गाद्या अंथरून ठेवा.

कोणतीही आजी यांचा क्रम न चुकता लावील. २००५ च्या नियमांनीही हाच क्रम सक्तीचा केला : आधी उंचीवर जाणं टाळा, टाळता येत नसेल तर पडणं रोखा, तेही जमत नसेल तर पडण्याचं अंतर आणि इजा कमी करा. वरची पायरी शक्य असताना खालच्या पायरीवर उतरायचं नाही.

कठडा हात धरण्यापेक्षा वरचढ का? कठड्याचं काम चालायला मुलाला काही करावं लागत नाही. ते पळो, विसरो, भांडो, कठडा उभाच असतो आणि एकाच वेळी दहा मुलांना राखतो. हात धरणारा मात्र थकतो, त्याचा फोन वाजतो. बांधकामावरचं रेलिंग म्हणजे कठडा. ब्रिटनमध्ये त्याची उंची किमान ९५० मिलिमीटर हवी आणि मधली फट ४७० मिलिमीटरपेक्षा मोठी नको. कामगाराच्या अंगावरचा पट्टा, ज्याला हार्नेस म्हणतात, तो म्हणजे धरलेला हात. तो घालावा लागतो, घट्ट करावा लागतो, दर वेळी आठवणीनं अडकवावा लागतो. अगदी हुशार कामगारसुद्धा दिवसातून एकदा 'एवढ्यासाठी कशाला' म्हणतो.

राहिल्या गाद्या. स्कॉटलंडमधला फोर्थचा रेल्वे पूल १८८२ ते १८९० या काळात बांधला गेला. समुद्राच्या खाडीवर पोलादी सांगाडा चढत असताना खाली वल्हवायच्या होड्या ठेवल्या होत्या. पाण्यात पडलेल्यांपैकी आठ जणांना त्यांनी वाचवलं असं सांगतात. त्या कामावर दगावलेल्यांचा आकडा पूर्वी ५७ मानला जाई, पुढे स्थानिक अभ्यासकांनी नोंदी धुंडाळल्यावर तो ७३ वर गेला. सगळे पडूनच गेले असं नाही. पण ज्या कामावर भिस्त चौथ्या वाटेवर असते, तिथे काय होतं याची कल्पना यावी.

काच पुसायला आर. ओ. चं पाणी

'टाळा' ही पहिली पायरी ऐकायला सोपी आणि करायला अवघड. काम वर आहे, मग माणूस खाली कसा राहील? ब्रिटनमधल्या खिडक्या पुसणाऱ्यांनी याचं जे उत्तर शोधलं, ते मला या सगळ्या विषयातलं सर्वांत सुंदर उत्तर वाटतं.

तिथे घरोघरी, दुकानोदुकानी काचा पुसणं हा स्वतंत्र धंदा आहे. पिढ्यान्‌पिढ्या तो शिडीवर चालला. शिडी का लागायची? काच धुणं अवघड नाही. लांब काठीला ब्रश आणि पाण्याची नळी जोडली की जमिनीवरून धुता येते. अडचण यायची ती वाळताना. नळाच्या पाण्यात क्षार असतात. पाणी उडून जातं आणि क्षार काचेवर पांढरे ठिपके होऊन बसतात, जसे आपल्या नळाच्या तोटीवर किंवा कुकरच्या आतल्या बाजूला बसतात. ते टाळायला काच ओली असतानाच रबरी पट्टीनं पुसून घ्यावी लागे, आणि त्यासाठी वर जावं लागे.

मग पाण्यातले क्षारच काढून टाकले तर? घरातल्या आर. ओ. यंत्रासारखीच यंत्रणा गाडीत बसवली, तिच्या पुढे उरलेसुरले क्षार शोषणारी राळ ठेवली, आणि जवळजवळ निव्वळ पाणी हलक्या लांब दांड्यातून वर पाठवलं. असं पाणी वाळताना मागे काही ठेवतच नाही. पुसण्याची गरज संपली आणि तिच्याबरोबर शिडीचीही. २००५ नंतर ही पद्धत झपाट्यानं पसरली. आज तिथल्या कित्येक गल्ल्यांत काच पुसणारा फुटपाथवर उभा राहून तिसऱ्या मजल्याची खिडकी धुताना दिसतो.

आपल्याकडे जुन्या वाड्यांत आकाशकंदील लावण्याची रीतही याच जातीची होती. उंच बांबूच्या टोकाला कप्पी किंवा कडी असे, तिच्यातून दोरी ओवलेली. संध्याकाळी पणती लावून कंदील दोरीनं वर चढवायचा, तेल संपलं की खाली घ्यायचा. कंदील वर गेला, माणूस अंगणातच राहिला.

टाके उसवणारा पट्टा

आता हार्नेसकडे वळू, कारण याच्याबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहेत. कमरेला दोर बांधला म्हणजे झालं, असं पुष्कळांना वाटतं.

८० किलोंचा माणूस २ मीटर पडला आणि दोरानं त्याला १० सेंटिमीटरमध्ये थांबवलं, तर त्याच्या शरीराला बसणारा सरासरी ओढा त्याच्या वजनाच्या २१ पट असतो. म्हणजे सुमारे १,६८० किलो, एका मोटारीचं वजन. कमरेच्या पट्ट्यावर असा हिसका बसला तर पाठीचा कणा काय आणि आतडी काय, काही शाबूत राहत नाही. तोच माणूस १ मीटर अंतरात हळूहळू थांबवला, तर ओढा फक्त ३ पट, २४० किलो. वजन तेच, पडणं तेच, थांबण्याचं अंतर तेवढं वाढलं. क्रिकेटमध्ये झेल घेताना आपण हात मागे नेतो, ते याचसाठी.

म्हणून पडणाऱ्याला झेलायच्या दोरात एक छोटी पुडी असते. तिच्या आत जाड पट्टी घडी घालून शिवलेली असते. हिसका बसला की गोधडीचे टाके एकेक करत उसवावेत तशी ती उसवत जाते आणि प्रत्येक टाका थोडी ऊर्जा खातो. युरोपीय मानकानुसार शरीरावरचा ओढा ६ किलोन्यूटनच्या, म्हणजे साधारण ६०० किलो वजनाच्या पलीकडे जाता कामा नये, आणि तो छाती, खांदे, मांड्या यांवर वाटला जावा म्हणून पट्टे सगळ्या अंगाभोवती असतात.

उसवायला मात्र जागा लागते, आणि इथे अर्धवट शिकलेला माणूस फसतो. समजा दोर पायाजवळ अडकवला आहे. दोराची लांबी २ मीटर, उसवलेली पट्टी जास्तीत जास्त पावणेदोन मीटर, पाठीवरच्या कडीपासून तळपायापर्यंत सुमारे दीड मीटर, वर १ मीटर राखीव. बेरीज सव्वासहा मीटर. तो माणूस ४ मीटर उंचीच्या छतावर असेल, तर दोर ताणला जाण्याच्या सुमारासच तो जमिनीवर आदळेल. हार्नेस नवाकोरा, कडी पक्की, सही-शिक्क्याचा कागद खिशात, आणि उपयोग शून्य. प्रशिक्षणात ही बेरीज प्रत्येकाकडून करून घेतात. तोच दोर डोक्याच्या वर अडकवला किंवा काठापर्यंत पोहोचताच येणार नाही इतका आखूड ठेवला, तर गणित पार बदलतं.

दोरानं झेललं तरी गोष्ट संपत नाही. माणूस हार्नेसमध्ये निश्चल लटकला, की पायांतलं रक्त वर येणं मंदावतं. चालताना पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलतात. लटकलेल्याचे पाय हलत नाहीत, मांड्यांवर पट्टे आवळलेले असतात. काही मिनिटांतच भोवळ येऊ शकते, आणि उभ्या अवस्थेत बेशुद्ध राहणं जिवावर बेततं. अशा माणसाला सोडवल्यावर लगेच आडवं करू नये, असा एक समज बराच काळ शिकवला जाई. २००९ मध्ये हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्हच्या प्रयोगशाळेनं उपलब्ध पुरावा तपासला आणि त्याला आधार नसल्याचं सांगितलं. नेहमीचेच प्रथमोपचार करा, श्वासमार्ग आणि श्वास आधी बघा, असा सल्ला आता आहे. प्रशिक्षणाला मुदत का असते याचं हे एक बोलकं उदाहरण. शिकलेलंही बदलतं.

म्हणूनच नियम सांगतात की काम सुरू होण्याआधी सुटकेची योजना तयार हवी. अग्निशमन दलाला फोन करू, एवढ्यावर भागत नाही.

> चौकट : शिडीचा हिशोब
> ब्रिटनमध्ये शिडीवर बंदी आली आहे, अशी अफवा अधूनमधून उठते. ती खोटी आहे. जोखीम कमी आणि काम थोडक्या वेळाचं, एका जागी साधारण ३० मिनिटांच्या आतलं असेल, तर शिडी चालते. भिंतीला टेकवलेली शिडी ४ मीटर वर जात असेल, तर तिचे पाय भिंतीपासून १ मीटर लांब हवेत. जवळ घेतली तर ती मागे उलटते, लांब नेली तर पाय सरकतात. कमरेच्या पट्ट्याचं बक्कल शिडीच्या दोन उभ्या दांड्यांच्या आत राहिलं पाहिजे. ते बाहेर गेलं म्हणजे तुम्ही फार वाकलात. उतरा आणि शिडी सरकवा. छतावर उतरायचं असेल तर शिडी कडेच्या वर सुमारे १ मीटर निघालेली असावी, म्हणजे पाय टाकताना धरायला काही राहतं.

कार्ड एक नाही, अनेक

आता मुख्य प्रश्न. हे सगळं शिकवतं कोण आणि शिकला हे ठरवतं कोण? कायदा परवान्याचं नाव घेत नाही. तो एवढंच म्हणतो की काम आखणारा, करणारा आणि देखरेख करणारा 'सक्षम' असावा. शिकाऊ असेल तर त्याच्यावर सक्षम माणसाची नजर असावी. सक्षम म्हणजे ज्ञान, कसब आणि अनुभव, तिन्ही मिळून. कायद्यानं सोडलेली ही मोकळी जागा दोन गोष्टींनी भरली. ब्रिटिश मानक संस्थेनं २००६ मध्ये 'बीएस ८४५४' ही संहिता काढली. उंचीवरचं काम आणि सुटका यांचं प्रशिक्षण कसं द्यावं, याच्या शिफारसी तिच्यात आहेत. म्हणजे हे शिकवणाऱ्यांसाठीचं मानक. दुसरीकडे, धंद्याधंद्यातल्या संघटनांनी आपापले अभ्यासक्रम आणि कार्डं तयार केली.

परांची बांधणाऱ्यांचं कार्ड 'सीआयएसआरएस'चं. शिकाऊपासून प्रगत कारागिरापर्यंत त्याच्या पायऱ्या आहेत. चाकांवरच्या जोडणीच्या मनोऱ्यांसाठी 'पाझ्मा' आहे. तिथे मनोऱ्याच्या फळीतल्या झडपेतून अर्धं अंग वर काढून, झडपेतच बसून, वरच्या मजल्याचं रेलिंग आधी लावायला शिकवतात. रेलिंग नसलेल्या फळीवर माणसानं उभंच राहायचं नाही, हा त्यामागचा विचार. माणसं उचलणाऱ्या यंत्रांसाठी 'आयपॅफ'चं कार्ड असतं, पाच वर्षांच्या मुदतीचं. लांब हात असलेल्या यंत्राच्या पाळण्याला रेलिंग असूनही तिथे हार्नेस का घालायचा, हे त्या वर्गात कळतं. खाली चाक एका छोट्या खड्ड्यात गेलं, तर १५ मीटर लांब हाताच्या टोकाला तो धक्का गोफणीसारखा पोहोचतो आणि माणूस रेलिंगवरून फेकला जातो. म्हणून तिथला दोर आखूड असतो. त्यानं माणसाला पाळण्यातच धरून ठेवायचं असतं.

पत्र्याच्या छपरांबद्दल थांबून सांगायला हवं, कारण दर मे महिन्यात आपल्याकडे हजारो माणसं पावसाळ्याआधी पत्र्यावर चढतात. ब्रिटनमध्ये शिकवतात की जाणकारानं खात्री दिल्याशिवाय प्रत्येक छप्पर ठिसूळ समजा. सिमेंटचा पत्रा वर्षानुवर्षांच्या उन्हापावसानं आतून कमजोर होतो आणि वरून तसाच दिसतो. उजेडासाठी बसवलेला प्लास्टिकचा पारदर्शक पत्रा तर धूळ आणि शेवाळानं शेजारच्या पत्र्यासारखाच होऊन जातो. स्क्रूच्या रांगेवरून चाललं की चालतं, हा समजही तिथे खोडून काढतात. भार पसरवणाऱ्या फळ्या हव्यात, किंवा खालून यंत्रानं पोहोचायला हवं.

दोन दोर, दोन खुंट्या

सर्वांत कडक शिस्त दोरावरून लटकून काम करणाऱ्यांची. १९८० च्या दशकात उत्तर समुद्रातल्या तेलविहिरींच्या फलाटांवर सांधे तपासायला माणसं पोहोचवायची होती. समुद्रावर परांची बांधणं महाग आणि धोक्याचं. मग गुहांत उतरणाऱ्यांची दोरविद्या कामाला आली. त्यातूनच दशकाच्या अखेरीस 'इराटा' ही संघटना उभी राहिली. तिचं कार्ड आज अनेक देशांत चालतं, भारतीय तंत्रज्ञांकडेही ते असतं.

सह्याद्रीत कडा उतरलेल्यांना यातलं मूळ तत्त्व ठाऊक असेल. आपण एका दोरावरून उतरतो आणि वरचा साथी दुसऱ्या दोरानं 'बिले' देतो. कामाच्या दोरकामात वरच्या साथीच्या जागी एक उपकरण असतं. एका दोरावर माणसाचा भार, दुसऱ्यावर सरकत जाणारी राखण. हळू हलवलं तर ती सरकते, हिसका बसला तर दोराला घट्ट पकडते. २००५ चे नियम सांगतात की हे दोन दोर वेगवेगळ्या ठिकाणी बांधलेले असावेत. एकाच खुंटीला दोन दोर बांधले, तर शेवटी भरवसा एकाच खुंटीवर. दुसऱ्या दोरामुळे धोका उलट वाढणार असेल, तरच त्यातून सूट आहे. पगार घेऊन प्रस्तरारोहण आणि गुहाभ्रमण शिकवणाऱ्यांनाही २००७ च्या दुरुस्तीनं या नियमांखाली आणलं.

इराटाच्या तीन पातळ्या आहेत. पहिलीसाठी किमान चार दिवस प्रशिक्षण आणि मग मूल्यमापन. दुसरीवर जायला किमान १२ महिने आणि दोरावरचे १,००० तास, तिसरीसाठी पुन्हा तेवढेच. तास स्वतःच्या नोंदवहीत लिहायचे. कार्डाची मुदत तीन वर्षं, आणि सहा महिने दोराला हात लागला नाही तर उजळणी. देखरेख फक्त तिसऱ्या पातळीचा माणूस करू शकतो. मला यातली तासांची अट सर्वांत मोलाची वाटते. चार दिवसांत हात शिकतो. वाऱ्याचा दिवस, भिंतीची धारदार कड, दुपारी चारची मरगळ यांची ओळख व्हायला वर्ष जावं लागतं. कार्ड पाहून निर्धास्त होणारा मालक हीच गोष्ट विसरतो.

मूल्यमापन करणारा प्रशिक्षण देणाऱ्या कंपनीचा नसतो. तो खाली उभा राहून बघतो. वर एक सहकारी बेशुद्ध झाल्याचं सोंग घेऊन आपल्या दोरांवर लटकलेला असतो. चार दिवसांपूर्वी पहिल्यांदा हार्नेस घातलेला उमेदवार त्याच्याजवळ पोहोचतो, त्याला आपल्या हार्नेसला जोडतो, त्याचा भार स्वतःच्या दोरावर घेतो, त्याचे दोर सोडवतो. प्रत्येक कडी लावली की तिचं कुलूप बोटांनी चाचपून बघतो. मग दोघांचं वजन एकाच उपकरणावरून हळूहळू खाली सोडतो, एक हात उपकरणावर आणि एक हात दोराच्या मोकळ्या टोकावर. खाली पाय टेकल्यावर सहकारी उठून बसतो, आणि पुढच्या उमेदवारासाठी पुन्हा वर चढतो.